स्क्रीनवर ८४.२०, हातात ८६.१७

वाचकाचं पत्र

मी कराडजवळच्या एका शाळेत लिपिक आहे. गेल्या महिन्यात एका लहान कंपनीचे ९०० शेअर मोबाइलवरून घेतले. सव्वानऊला बाजार उघडला आणि मिनिटभरात ऑर्डर टाकली. स्क्रीनवर भाव ८४.२० होता, मी 'मार्केट' निवडून बटण दाबलं. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरकडून येणारी सौद्यांची पावती, आली तर सरासरी ८६.१७! म्हणजे १,७७२ रुपये जास्त गेले. त्याच वेळी मुंबई शेअर बाजारात, म्हणजे बीएसईवर, तोच शेअर ८४.०५ ला दिसत होता. पुढे भीती वाटली म्हणून ८० ट्रिगर आणि ७९.५० लिमिट असं विक्रीचं जीटीटी लावलं, म्हणजे भाव ८० ला आला की ७९.५० च्या खाली न विकणारी ऑर्डर आपोआप जावी अशी सोय. तिमाही निकाल वाईट आले, शेअर ७६.४० ला उघडला. जीटीटीसमोर 'ट्रिगर्ड' लिहिलंय, पण शेअर माझ्याकडेच आहेत. त्या दिवशी ७४.८५ ला बंद झाला. ब्रोकर म्हणतो, आमची चूक नाही. मग मधल्या मध्ये कोणी भाव खातं का? आणि मला शेअर विकले कोणी, माणसानं की मशीननं? नोटचा फोटो जोडलाय.

उत्तर

ताई, नोटचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच छापलेलं आहे, फक्त ते सरासरीच्या आकड्याखाली झाकलं गेलंय.

तुमची ऑर्डर एक, तिचा क्रमांक एक, पण सौदे पाच. पाचही सौद्यांची वेळ ०९:१६:०८. पहिला १२० नगांचा ८४.३५ ला, दुसरा २०० नगांचा ८४.६० ला, तिसरा ८० नगांचा ८५.५० ला, चौथा ३०० नगांचा ८६.९० ला आणि शेवटचे २०० नग ८८ रुपयांना. बेरीज ७७,५५२ रुपये. तिला ९०० नं भागलं की ८६.१७. पाच सौदे म्हणजे समोर विक्रीच्या पाच ऑर्डरी आधीपासून उभ्या होत्या. तुमची ऑर्डर आली आणि एका सेकंदात त्या खालून वर एकेक करत उचलत गेली. मध्ये कोणी काही खाल्लं नाही. तुम्ही 'मिळेल त्या भावाला घ्या' म्हणालात आणि यंत्रणेनं तुमचा शब्द तंतोतंत पाळला.

मग ८४.२० हे काय होतं? तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा भाव. त्या भावाला विकणारा विकून मोकळा झाला होता. दुकानदार पाटीवर दर लिहितो तसा एक्स्चेंजचा, म्हणजे शेअर बाजाराचा, स्वतःचा कुठलाही दर नसतो. त्याच्याकडे प्रत्येक शेअरच्या दोन रांगा असतात, एक घेणाऱ्यांची, एक विकणाऱ्यांची. घेणाऱ्यांत जो सर्वांत जास्त द्यायला तयार तो पुढे. विकणाऱ्यांत जो सर्वांत कमी मागतो तो पुढे. दोघांचं जमलं की सौदा. जमत नाही तोवर दोघं आपापल्या जागी थांबतात. बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा माल एकाचा आणि बोली लावणारे अनेक. इथे दोन्ही बाजूंनी बोली चालू असते आणि अडत्याच्या जागी एक प्रोग्रॅम बसलेला असतो.

राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, शेअरचे व्यवहार ३ नोव्हेंबर १९९४ ला सुरू झाले, ते पहिल्या दिवसापासून अशाच संगणकीय रांगेवर. बीएसईची दलाल स्ट्रीटवरची हातवारे आणि ओरडाआरड्याची रिंग पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये 'बोल्ट' ही संगणक यंत्रणा आल्यावर मोडीत निघाली. तेव्हा रिंगमध्ये काय भाव चाललाय ते गिऱ्हाइकाला दलाल सांगेल तेच खरं होतं. आता दोन्ही रांगांची पहिली पाच-पाच माणसं, नव्हे पाच-पाच भाव, तुमच्या मोबाइलवर फुकट दिसतात. तिथे बघायचं मात्र राहून जातं.

ॲपमध्ये शेअरच्या नावावर टिचकी मारली की 'मार्केट डेप्थ' उघडतं. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे, मध्ये भाव, बाजूला नग आणि किती ऑर्डरी आहेत तो आकडा. खरेदी करायची असेल तर उजव्या बाजूचे नग वरून खाली बेरीज करत जायचं. तुमच्या ९०० पाशी पोहोचलात की थांबा. त्या ओळीवरचा भाव हा तुमचा शेवटचा शेअर ज्या किमतीला पडणार ती किंमत. तुम्ही तेव्हा पाहिलं असतंत तर पहिल्या दोन ओळींत जेमतेम ३२० नग दिसले असते आणि पाचव्या ओळीवर ८८. बेरजेला दहा सेकंद पुरतात. १,७७२ रुपयांसाठी दहा सेकंद काही वाईट नाहीत!

या तक्त्याच्या दोन मर्यादा लक्षात घ्या. एक म्हणजे मोबाइलवर येतं ते चालत्या चित्रातले मधूनमधून काढलेले फोटो. तुमचं बोट बटणापर्यंत पोहोचेपर्यंत रांग हललेली असते, आणि सव्वानऊ ते साडेनऊ या वेळात तर फारच. दुसरी म्हणजे मोठी ऑर्डर टाकणाऱ्याला सगळे नग उघड करायची सक्ती नसते; किमान दहावा हिस्सा दाखवला तरी चालतं. म्हणजे १,००० नग विकायचे असणाऱ्यानं रांगेत १०० च दाखवलेले असू शकतात. ते संपले की पुढचे १०० येतात, पण त्या भावाच्या रांगेत शेवटी. त्यामुळे तक्ता अंदाजासाठी वापरा, हमी म्हणून नको.

हमी देते ती लिमिट ऑर्डर, म्हणजे 'याहून जास्त देणार नाही' असं सांगणारी. तुम्ही ९०० नग ८४.६० च्या लिमिटला टाकले असतेत तर ३२० लगेच, सरासरी ८४.५१ ला मिळाले असते. उरलेले ५८० घेणाऱ्यांच्या रांगेत ८४.६० वर उभे राहिले असते, आणि तेव्हा सर्वांत वरचा भाव तुमचाच असल्यामुळे रांगेत पहिल्या. कोणी खाली विकायला आला तर पहिला माल तुम्हाला. कदाचित दुपारपर्यंत सगळे मिळाले असते, कदाचित नसतेही. लिमिटची किंमत ही एवढीच: भाव पक्का, माल मिळण्याची खात्री नाही. मार्केट ऑर्डरचं नेमकं उलटं.

इथे बऱ्याच जणांची एक गफलत होते. त्यांना वाटतं, लिमिट ८५ टाकली की ८५ च द्यावे लागतील. तसं नाही. सौदा नेहमी आधी उभ्या असलेल्या ऑर्डरच्या भावाला होतो. तुम्ही ८५ म्हणालात आणि समोर ८४.३५ वाला उभा असेल तर तो तुम्हाला ८४.३५ लाच मिळतो. ८५ ही तुमची कमाल मर्यादा. म्हणून घाई असेल तेव्हाही 'मार्केट' दाबण्याऐवजी चालू भावापेक्षा अर्धा-पाऊण टक्का वर लिमिट टाकणं केव्हाही बरं. मार्केट ऑर्डरइतक्याच वेगानं सौदा होतो, फक्त ८८ पर्यंत चढायला परवानगी नसते. काही ब्रोकर हल्ली मार्केट ऑर्डर स्वतःहून अशा मर्यादेत बांधून पाठवतात, पण ती मर्यादा किती टक्क्यांची ते प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा त्यावर विसंबू नका.

मार्केट ऑर्डर मोठ्या कंपन्यांत सुरक्षित, हेही नगांवर ठरतं. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरकडून चुकून आलेल्या ५९ विक्री ऑर्डरींनी एनएसईवर ६५० कोटींहून अधिक रुपयांचे सौदे झाले आणि एनएसईचा निर्देशांक निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून जास्त आपटला. निफ्टीतल्या कंपन्या, देशातले सर्वांत जास्त चालणारे शेअर, आणि त्यांच्याही घेणाऱ्यांची रांग तळापर्यंत रिकामी झाली. तुमच्या ९०० नगांनी त्या लहान शेअरचं जे केलं तेच हे, फक्त आकार वेगळा.

रांगेतल्या जागेबद्दल थोडं. एकाच भावाला दहा जण असतील तर जो आधी आला तो आधी. तुमची रक्कम मोठी की लहान, ब्रोकर नामांकित की गल्लीतला, याला किंमत नाही. पण उभ्या ऑर्डरला हात लावताना जपा. भाव बदललात किंवा नग वाढवलेत तर तुम्ही रांगेतून बाहेर पडून पुन्हा शेवटी लागता. नग कमी केलेत तर जागा शाबूत राहते. सकाळपासून ८४ वर उभी असलेली ५०० ची ऑर्डर ७०० करायची असेल तर तिला हात न लावता २०० ची वेगळी टाकावी.

आता बीएसईचे ८४.०५. दोन्ही एक्स्चेंजच्या रांगा संपूर्ण वेगळ्या आहेत, एकीकडची ऑर्डर दुसरीकडे जात नाही. लहान कंपन्यांत बहुतेकदा एका ठिकाणी वर्दळ आणि दुसऱ्या ठिकाणी शुकशुकाट असतो. तेव्हा ८४.०५ हा बीएसईवरचा शेवटचा सौदा. तो किती नगांचा आणि किती वाजताचा हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ॲपमध्ये शेवटच्या सौद्याची वेळही दिसते. दोन्हीकडचं डेप्थ उघडा आणि जिथे तुमच्या नगांची बेरीज स्वस्तात पुरी होते तिथे ऑर्डर टाका. डीमॅटमध्ये जमा झाल्यावर शेअर कुठून घेतला याला महत्त्व नाही, विकताना कोणतंही एक्स्चेंज चालतं.

जीटीटीचं दुखणं वेगळं आहे, आणि इथे ताई, तुमच्या ब्रोकरनं तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं असं आम्हाला वाटतं. 'चूक नाही' एवढ्यावर बोळवण करणं बरोबर नाही.

जीटीटी ही एक्स्चेंजची ऑर्डरच नाही. एक्स्चेंजला तिचा पत्ताही नसतो. ती ब्रोकरच्या सर्व्हरवर ठेवलेली चिठ्ठी आहे: 'भाव ८० किंवा खाली आला की ७९.५० च्या लिमिटनं ९०० विक.' सकाळी ७६.४० ला सौदा झाला, चिठ्ठी उघडली, सर्व्हरनं ७९.५० ची विक्री ऑर्डर एक्स्चेंजला पाठवली. चिठ्ठीचं काम संपलं, म्हणून 'ट्रिगर्ड'. ती ऑर्डर मात्र विकणाऱ्यांच्या रांगेत ७९.५० वर जाऊन उभी राहिली आणि समोर घेणारे ७६ च्या आसपास. कमीत कमी ७९.५० हवेत असं तुम्हीच लिहून दिलेलं, तेव्हा यंत्रणा ७६ ला कशी विकेल? दिवसभर ती तिथेच थांबली आणि साडेतीनला रद्द झाली, कारण रोजच्या ऑर्डरीचं आयुष्य त्या दिवसापुरतंच.

एक्स्चेंजचा खरा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला लावलेली ऑर्डर, वेगळा. तो ऑर्डर म्हणूनच एक्स्चेंजकडे जातो, ट्रिगर लागेपर्यंत वेगळ्या वहीत झाकलेला राहतो आणि ट्रिगर लागला की मुख्य रांगेत येतो. पण तोही एका दिवसाचाच. रोज सकाळी नव्यानं लावावा लागतो. ट्रिगर आणि लिमिट यांच्यातली फट अरुंद ठेवली तर त्याचंही तुमच्या जीटीटीसारखंच होतं.

तुम्ही फट ठेवलीत ५० पैशांची. शेअर संथपणे ८१, ८०.५०, ८० असा उतरला असता तर ती पुरली असती. पण निकालानंतरचा शेअर पायऱ्या उतरत नाही, तो रात्रीतून खालच्या मजल्यावर असतो. सकाळी ९ ते ९.०८ या वेळात, म्हणजे प्री-ओपनमध्ये, ऑर्डरी फक्त गोळा होतात, सौदे होत नाहीत. शेवटच्या मिनिटात कोणत्याही क्षणी दार बंद होतं. मग प्रत्येक भावाला किती माल हातोहात जाईल ते मोजलं जातं. समजा ७६ ला किंवा त्याहून जास्त द्यायला ४,२०० नगांचे घेणारे आहेत आणि ७६ ला किंवा त्याहून कमीत द्यायला ३,००० नगांचे विकणारे. तिथे ३,००० चा सौदा होऊ शकतो. ७७ ला घेणारे २,५०० उरतात आणि विकणारे ४,६०० होतात; तिथे २,५०० चाच. ७६.४० ला दोन्हीकडे ३,८०० जमतात. सर्वांत जास्त माल जिथे हलतो तो भाव उघडायचा, आणि त्या सत्रातले सगळे सौदे त्याच एका भावाला. तुमचे ८० आणि ७९.५० हे आकडे या हिशेबात आलेच नाहीत. काल संध्याकाळचा भाव आणि आज सकाळचा भाव यांच्यामध्ये जे अंतर पडलं तिथे एकही सौदा झालेला नाही, तर तिथे विकणार कसं?

उपाय म्हणजे फट रुंद करणं. ट्रिगर ८०, लिमिट ७५. असं लिहिलं म्हणजे ७५ लाच विकलं जातं असं नाही. वर सांगितलं तसं, आधी उभ्या असलेल्या सर्वांत जास्त भावाच्या घेणाऱ्यापासून सुरुवात होते. त्या सकाळी तुमचे शेअर बहुधा ७६ च्या आगेमागे गेले असते. ७५ ही तुमची किमान मर्यादा. किती रुंद ठेवायची? ज्या शेअरचं डेप्थ पातळ, त्याला जास्त. तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी अजून जास्त, किंवा मग तेवढे शेअर आधीच कमी करणं. लिमिट नसलेला, 'मार्केट'वाला स्टॉपलॉस टाकून मोकळं व्हावं असं वाटेल. पण पातळ रांगेत तो खरेदीच्या वेळी झालं तेच विक्रीला करतो. बीएसईनं ऑक्टोबर २०२३ पासून तो प्रकारच बंद केलाय.

आणि एक वेळ अशी असते की रुंद फटही कामाची नाही. शेअरला एका दिवसात ५ टक्क्यांहून जास्त हलायची मनाई असेल आणि तो खालच्या सर्किटला, म्हणजे त्या मर्यादेच्या तळाला, लागला तर विकणाऱ्यांची रांग भरलेली आणि घेणाऱ्यांची रिकामी. तिथे सगळ्यांचा भाव एकच, म्हणून फक्त आधी कोण आलं एवढंच उरतं. त्या परिस्थितीत नऊ वाजता, प्री-ओपनमध्येच ऑर्डर टाकलेली बरी. तुमच्या शेअरची मर्यादा २, ५, १० की २० टक्के हे ॲपमध्ये वरच्या-खालच्या सर्किटच्या भावावरून कळतं.

पुढे कधी ऑर्डर अडली तर कोणाला जाब विचारायचा ते ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ऑर्डरच्या तपशिलात 'एक्स्चेंज ऑर्डर क्रमांक' पाहा. तो नसेल तर ऑर्डर ब्रोकरच्या दारातच अडली: पैसे कमी, डीमॅटमधून शेअर द्यायची परवानगी नाही (टीपिन हा त्यासाठीचा पिन, डीडीपीआय ही ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी), भाव सर्किटच्या बाहेरचा. जीटीटीतून विकताना ही परवानगीच नसल्यामुळे अनेकांची ऑर्डर गळते. क्रमांक असेल आणि स्थिती 'ओपन' असेल तर ती रांगेत उभी आहे, समोरचा भाव जमत नाही एवढंच. तुमच्या ७९.५० च्या ऑर्डरचा क्रमांक त्या दिवशीच्या ऑर्डरबुकात सापडेल. सापडला तर तक्रारीत दम नाही. ट्रिगर लागूनही क्रमांक नसेल, तर मात्र ब्रोकरकडे लेखी लॉग मागा, आणि समाधान झालं नाही तर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार घाला.

माणसानं विकले की मशीननं? कळायला मार्ग नाही, आणि मुद्दामच नाही. रांगेत नावं दिसत नाहीत. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एक्स्चेंजच्या यंत्राशेजारीच जागा भाड्यानं घेऊन बसवलेले ब्रोकरांचे सर्व्हर दोन्ही बाजूंना भाव लावत असतात, तसेच साताऱ्यातले निवृत्त गृहस्थही. तुमच्या पाच विक्रेत्यांत दोन्ही असतील. कायद्याच्या नजरेत त्यांपैकी कोणीच तुमचं देणेकरी नाही. सौदा होताच मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं राहतं. तुमच्यासाठी विकणारं तेच आणि त्याच्यासाठी घेणारंही तेच. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचा हिशेब सौद्याच्या लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. विकणाऱ्यानं माल दिलाच नाही तर लिलावात तो दुसरीकडून घेऊन तुम्हाला देतात, आणि लिलावातही मिळाला नाही तर रोख भरपाई: सौद्यापासून लिलावापर्यंतचा सर्वांत वरचा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावाच्या २० टक्के वर, यांपैकी जो जास्त तो. ब्रोकरकडून 'ऑक्शन' असा मेसेज आला तर घाबरू नका, तो हाच प्रकार.

तुमचे ९०० नग अजून डीमॅटमध्ये आहेत आणि ते विकायचे की ठेवायचे हे कंपनीचे निकाल वाचून तुम्हीच ठरवायचं. पण एक गोष्ट आजच करा. ॲपमध्ये जीटीटीचं पान उघडा. तुमची जुनी चिठ्ठी 'ट्रिगर्ड' म्हणून निकाली निघालेली आहे, तिच्यातून गेलेली ऑर्डरही त्याच संध्याकाळी रद्द झाली. म्हणजे त्या दिवसापासून तुमच्या शेअरवर कुठलाच स्टॉपलॉस नाही. हवा असेल तर नवा लावा, आणि लावण्याआधी घेणाऱ्यांच्या बाजूचे नग ९०० होईपर्यंत मोजा.